झाकणावर ठेवलेला दोरा

गहू कायमचा बंद, असं डॉक्टरांनी ज्यांना नुकतंच सांगितलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी शाळा आठवीत सुटली. पोटाच्या आत नेमकं काय होतं ते मला समजावता येणार नाही, ते डॉक्टर समजावतील. मला एवढंच कळलंय की गव्हातला एक चिकट अंश माझ्या आतड्याला सोसत नाही. पोळी तर नाहीच, पिठाचा कणसुद्धा नाही. या आजाराला गोळी नाही, तुमचं स्वयंपाकघर हाच दवाखाना.

पण एक गोष्ट दवाखान्यात कुणी सांगत नाही. या आजारात माणूस संशयी होतो. डबा उघडला की संशय, कुणी ताट पुढं केलं की संशय. मी तर जिनं मला जगवलं तिच्यावरच पाळत ठेवली होती.

रोजचा सण

मी आजऱ्याकडचा. आमच्याकडं भात आणि नाचणीची भाकरी. पोळी फक्त सणाला, तीही मोजून. गावचा तानाजी बडोद्याजवळ नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात ठेकेदाराकडं होता. त्यानं मला बडोद्याला बोलावून घेतलं. इथं मेसमध्ये दोन्ही वेळा तूप लावलेली रोटली, सकाळी चहाबरोबर कडक भाखरी, तीही गव्हाची. मी खुशीत खायचो. रोजच सण असल्यासारखं वाटायचं.

मग पोट बिघडलं ते बिघडलंच. पँट सुतळीनं बांधायची वेळ आली. टाकीच्या शिडीवर चढताना धाप लागायला लागली. सगळे म्हणाले, नंदेसरीची हवा. मलाही पटलं. कारखान्यात नाकाला फडकं बांधून असायचो. जेवणाच्या सुट्टीत ते फडकं सोडायचं आणि रोटली खायची. हवेवर नजर ठेवून होतो, ताटाकडं कोण बघतंय?

एके दिवशी शिडीखालीच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तिथून दवाखान्यात गेलो.

वॉर्ड

वॉर्डात दिवस कसा जातो ते ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. पहाटे थर्मामीटर, मग झाडू, मग दूध-पाव, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी गव्हाचा दलिया. आजाऱ्याला हलकं म्हणून जे द्यायचे तेच माझ्या पोटात जाऊन आग लावायचं, आणि ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. खाल्लं की संडासाकडं पळायचो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणायचे, "भाई, तुझी तर शटल सर्व्हिस चालू आहे."

तिथली एक आया होती. मी दलिया तसाच ठेवलेला बघून तिनं न विचारता मुगाचं पाणी आणि मऊ भात आणून दिला. दोन दिवस तेवढंच खाल्लं आणि पहिल्यांदा पोट शांत झोपलं. तिला काही माहीत होतं अशातला भाग नाही, दया आली एवढंच. पण मी तिच्यावरही संशय घेतला. वॉर्डात फुकट कोण काय देतं?

रक्त काढलं. तोंडातून नळी घातली. नळीचं सांगतो, भीती आधी असते तेवढीच. नंतर फक्त घसा दुखतो.

निदान सांगितलं त्या दिवशी डॉक्टरबाईंनी तानाजीलाही आत बोलावलं.

"गहू बंद. मैदा, रवा, सगळं."

"किती दिवस?"

"दिवस नाहीत. कायमचं. आणि दूध सध्या बंद, आतडं सुधारेपर्यंत."

"मग खाऊ काय?"

"बाकी सगळं," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर तानाजी म्हणाला, "कमिशन असतंय रं ह्यांचं. गव्हानं कोण मरतंय? गव्हानं माणसं पैलवान हुत्यात."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पण ठेकेदाराच्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं की सध्या तात्पुरत्या पासावर ये, पण पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं दिसलं तरच पक्का गेटपास. गेटपास नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे परत गाव. गावात आईचं हातावर पोट होतं, त्यात माझ्या आजारी पोटाची भर घालायची नव्हती. डॉक्टर खोटं बोलत असली तर असो, पण गहू सोडून बघायचं ठरवलं.

रोजची एकादशी

मेस सोडली. जुन्या शहरात, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत, एका जुन्या मराठी घरात वरची खोली मिळाली. घरमालकीण काकू एकट्याच. त्यांचे आजेसासरे राजाच्या कचेरीत होते, हे त्या भाडं सांगायच्या आधी सांगतात. अट एकच, घरात मांस-मच्छी नाही, अंडंसुद्धा नाही.

मी त्यांना माझी अट सांगितली, गहू नाही, दूध नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या डॉक्टरनं अर्धं काढलं, अर्धं मी काढलं. राहिला झाडपाला. बेस, बकरीसारखा जग."

मी हसलो नाही, तशा त्या वरमल्या. मग म्हणाल्या, "अरे भाई, एकादशीला आम्ही काय खातो? वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, रताळं. आहे त्यात गहू? तू समज तुझी रोजच एकादशी. पुण्य मिळेल ते वेगळं."

इतके दिवस जे कुणाला सुचलं नव्हतं ते या बाईनं जिन्यात उभं राहून सांगितलं. उपवासाचं दुकान म्हणजे आपलं दुकान, हे तुम्हीही लक्षात ठेवा. फक्त सुटं घेऊ नका, शेजारच्या पोत्यात काय आहे ते आधी बघा.

मी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. काकूंनी पहिल्यांदा शिकवलं ते खिचू. पाण्यात जिरं, मिरची, मीठ आणि चिमूटभर पापडखार घालून उकळी आणायची. तांदळाचं पीठ सोडून लाटण्याच्या टोकानं भराभर घोटायचं, झाकून वाफ काढायची आणि वर कच्चं तेल. आमच्याकडच्या तांदळाच्या उकडीचाच हा गुजराती भाऊ. लाटणं मात्र नवं घ्या. पोळीच्या लाटण्याच्या चिरांत जुनं पीठ असतं. मग मुगाची खिचडी, बेसनाचे पुडले म्हणजे आपली धिरडी, वरीचा भात आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली रताळ्याची भाजी. काकू भाजीला शाक म्हणायच्या. रविवारी खंडेराव मार्केटात जाऊन सुरण, रताळी, वालपापडी आणायची. भाजीवर संशय घ्यावा लागत नाही, म्हणून तिथं मला बरं वाटायचं. कारखान्यात न्यायला भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि घरी फोडणी दिलेले मुरमुरे. शेव घालायची असेल तर घरी पाडा. विकतच्यात बेसनाबरोबर आणखी काय आहे ते दुकानदारही शपथेवर सांगणार नाही.

पिठाचा घोळ वेगळाच. घंटीवाल्याला, म्हणजे इथल्या गिरणीवाल्याला, विचारलं, माझ्या तांदळाआधी काय दळलं?

"घऊं," तो म्हणाला. म्हणजे गहू.

"मग माझ्यात येणार ना?"

"भाई, थोडं तारुं बीजामां जाय, थोडं बीजानुं तारामां आवे. घंटी छे." थोडं तुझं दुसऱ्यात जाणार, थोडं दुसऱ्याचं तुझ्यात येणार. तो खरं बोलला, म्हणून मी त्या घंटीची पायरी सोडली.

काकूंच्या जिन्याखाली जुनं जातं होतं. ते घासून धुतलं, उन्हात वाळवलं, आधी चार मुठी तांदूळ दळून ते पीठ टाकून दिलं. संध्याकाळी मी दळायला बसलो की तानाजी दारात उभा राहून म्हणायचा, "वयनी, ओव्या येत्यात का तुमास्नी?"

हिंगाचंही काकूंनीच सांगितलं. दुकानातल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं. डबी चष्म्याजवळ धरून त्यांनी बारीक अक्षरांतला मैदा मला दाखवला. मी रोज फोडणीत तो टाकत होतो. डबी बाहेर गेली आणि तिच्याबरोबर रोग गेला असं वाटलं. पँटची सुतळी सैल करायला लागली. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या.

आईचा डबा

सुट्टीवर गेलेला तानाजी गावाहून माझ्यासाठी डबा घेऊन आला. आईनं नाचणीचं सत्त्व पाठवलं होतं. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसतं ते वाळवायचं. आमच्याकडं तान्ह्या पोराला आणि आजाऱ्याला हेच देतात. मी ते रोज सकाळी पाण्यात शिजवून गूळ घालून घ्यायचो. पोटात गेल्यावर आईनं पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं.

तो डबा संपला, दुसरा आला. नंतरचं सत्त्व जास्त पांढरं होतं. आईनं या खेपेला जास्त धुतलं असेल, असं वाटून मला बरंच वाटलं.

आणि पोट पुन्हा बिघडलं.

आधी वाटलं, उन्हाचं असेल. मग रक्त तपासलं तर ते खाली आलेलं. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघितलं.

"चोरून काय खाता?"

"काही नाही."

"सगळे हेच म्हणतात. पोट खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. पुढची तपासणी अशीच आली तर मी तुमच्या कंपनीच्या कागदावर फिट लिहिणार नाही."

मी बाहेर बाकड्यावर बसलो. आपल्यावर खोटा आळ आला की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. पण त्यातनं शहाणपण आलं नाही. मी फक्त तोच आळ पुढच्या माणसावर टाकायला निघालो.

तांदूळवाल्यावर संशय घेतला. तानाजीवर घेतला, कारण तो येता-जाता म्हणायचा, "एक रोटली खाऊन बघ, काय हुत न्हाई." आणि मग काकूंवर आलो. माझ्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं असायची. मी कामावर गेल्यावर त्या झाडायला वर यायच्या. कोण जाणे, बिचाऱ्याला ताकद येऊ दे म्हणून माझ्या पिठात मूठभर कणीक टाकत असतील. चांगल्या मनाच्या माणसांचीच भीती जास्त, कारण ती सांगत नाहीत.

मी शर्टाचा दोरा उसवला आणि त्याचे तुकडे करून प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेक तिरपा ठेवला. डबा उघडला तर दोरा पडणार. आईच्या डब्यावर ठेवला नाही, त्याची काय गरज?

संध्याकाळी येऊन बघितलं. दोरे झाकणांवरच होते, पण तिरपे नव्हते, सरळ होते. म्हणजे कुणी काढून पुन्हा ठेवले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी खात्री पटली. उघडायचं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचं, एवढी हुशारी.

मी खाली जाऊन म्हणालो, "काकू, माझ्या डब्यांना हात लावत जाऊ नका."

त्या पापड्या वाळत घालत होत्या. वर बघितलंही नाही. "बेस," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या जिना चढल्या नाहीत. किल्ली माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवून गेल्या.

चमचा

त्यानंतर एके दिवशी सकाळी उठताच येईना. सारखं संडासला जाऊन अंगात जीव राहिला नव्हता. तानाजी मला कामावर न्यायला आला होता, तो जाताना काकूंना सांगून गेला असावा, कारण दुपारी जिन्यात पावलं वाजली.

"दवाखान्यात जायचं का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"संध्याकाळी तानाजी नेणार आहे."

"तोपर्यंत पोटात काही?"

"नको."

"डब्याला हात लावू का? की आधी तू दोरा काढतोस?"

मी भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी आईचा डबा घेतला, पाण्यात सत्त्व कालवलं, तपेली गॅसवर ठेवली. मी चमच्याचा आवाज ऐकत पडून राहिलो. थोड्या वेळानं तो आवाज थांबला.

"हे कुठून आलं?"

"आईनं पाठवलंय. नाचणी आहे."

"बघ इकडे."

त्यांनी चमचा वर धरला. त्यावरून तार लोंबत होती, काचेसारखी चकचकीत.

"नाचणी शिजली की मातकट तांबूस दिसते. हे आरपार दिसतंय, दीकरा. हा कुरडयांचा चीक आहे, गव्हाचा. वास घे."

मी वास घेतला. किंचित आंबूस. उन्हाळ्यातलं आमचं अंगण, मोठं पातेलं, कुरडया पडायच्या आधी आम्हा पोरांच्या वाट्यांत गूळ घालून मिळणारा गरम चीक. हा वास रोज सकाळी माझ्या नाकात जात होता. रोज मला वाटत होतं, घर आलं. संशय घाण वासाचा येतो. आवडत्या वासाचा कुठं येतो?

तरीही, लाज वाटते पण लिहितो, क्षणभर मनात आलंच की काकूंनीच डबा बदलला असेल. मी त्यांच्यासमोरच आईला फोन लावला.

"आई, सत्त्व नाचणीचंच आहे ना?"

"पयलं नाचणीचं हुतं. आता गव्हाचं दिलंया. बायका म्हनल्या, आजाऱ्याला गव्हाचं जास्त ताकदीचं."

"अगं, मला गहू बंद आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"गहू न्हाई रं त्यात," आई समजावायला लागली. "गहू भिजवला, वाटला, चोथा समदा म्हशीला घातला. खाली बसलं पांढरं तेवढंच घेतलं. बाधायचं ते चोथ्यासंगं गेलं की."

तीन दिवस पाणी बदलत, गाळत, वाळवत, गुडघे दुखत असताना तिनं ते केलं असणार.

"का रं? बाधलं का काय?"

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मी घरमालकीण बोलते. हो, त्याला त्यानंच त्रास झाला. खोटं सांगून उपयोग नाही, नाहीतर तुम्ही पुन्हा पाठवाल."

पलीकडून आईचा आवाज मलाही ऐकू आला. "म्हंजे म्या इख घातलं लेकाला."

"विष कसलं? माझ्या सासूबाईंनी आजाऱ्याला हेच दिलं असतं. अहो, आत्ता मीच त्याला हे पाजायला निघाले होते. तार दिसली म्हणून थांबले."

मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. नाचणी कुठली चांगली, भिजवायची किती, गाळायचं फडकं कसं वेगळं ठेवायचं. मी डोळे मिटून ऐकत होतो.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काकू, ते दोरे…"

"हां, ते विचारायचंच होतं. मी डबे पुसायची ना, की ते पडायचे. मग शोधून पुन्हा ठेवायची. म्हटलं, तुमच्याकडची काही रीत असेल, नजर लागू नये म्हणून. आपल्या हातून मोडायला नको."

मी हसलो. हसताना पोट दुखलं.

मातकट

पुढं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईचं बरंचसं बरोबर आहे. चोथ्याबरोबर पुष्कळ जातं. पण मागं राहतं तेवढंही तुम्हाला जास्त आहे." चोरून खाता म्हणाल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं.

रक्त सावकाश वर आलं. त्यांनी फिट लिहिलं, पक्का गेटपास झाला. तानाजी आता मला वयनी म्हणत नाही, उलट माझ्या डब्यातले पुडले पळवतो. काकूंकडं पुन्हा किल्ली आहे. आजही बाहेर कुणी पुढं केलेलं मी खात नाही. दुकानात तीनदा विचारतो, लोक वैतागतात, वैतागू देत. संशय सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही, तो या आजारात लागतोच. फक्त दोरा ठेवायचाच असेल तर सगळ्या डब्यांवर ठेवा, सगळ्यात लाडक्या डब्यावरही. आणि ठेवलाय ते घरात सांगून ठेवा.

आई मात्र घाबरली होती. कितीतरी दिवस काहीच पाठवलं नाही. मी मागितलं तर म्हणायची, "नगो बाबा, माझ्या हाताचा भरवसा न्हाई मला." शेवटी काकूंनीच तिच्याशी बोलून तिला तयार केलं. मग डबा आला, झाकणाभोवती दोरा गुंडाळून वर गाठ मारलेली. ते कुणी शिकवलं हे मी विचारलं नाही.

आता डबा आला की आईची एक अट असते. आधी चमचाभर शिजवून बघायचं, मग तिला फोन करायचा, तोपर्यंत ती जेवत नाही. मी तपेली ठेवतो, घोटतो, चमचा उजेडात धरतो. काकू चष्मा लावून बाजूला उभ्या असतात. मग फोन लावतो.

"बोल."

"मातकट आहे, आई."

पलीकडं ताट जवळ ओढल्याचा आवाज येतो.